पिवळ्या जंतूची साक्ष

हॉस्पिटलच्या तळमजल्यावरच्या लॅबमध्ये ताईच्या सहीशिवाय पानही हलत नसे. ती खरी ताई एकाचीच होती, पण म्हणत सगळेच, तिच्याहून वयाने मोठे असलेले हाडांचे डॉक्टरसुद्धा. जंतू शोधण्याची तिथली सगळी पद्धत तिने बसवलेली. कोणती नळी कुठे ठेवायची, कचऱ्याची पिशवी कशी बांधायची, इथपासून कुणी कुठे शिंकायचं नाही इथपर्यंतचे नियम भिंतीवर चिकटवलेले होते आणि प्रत्येकाखाली तिची लांब शेपटाची सही होती. त्या दुपारी तिने तीच सही एका रिपोर्टवर केली. 'जंतू आढळले नाहीत.' नमुना तिच्या धाकट्या भावाच्या गुडघ्यातल्या पाण्याचा होता.

रिपोर्ट वॉर्डात पोचतो न पोचतो तोच टेबलापलीकडून आवाज आला, "मला पटत नाही."

बोलणारी होती भिंगरी. नळ्या गरगर फिरवून गाळ तळाशी बसवणारं मशीन पहिल्या दिवसापासून तिच्या ताब्यात, आणि तिची चालही तशीच, म्हणून लॅबने तिला हे नाव दिलेलं. मुलगी हुशार म्हणून ताईनेच तिला हेरलं आणि ताईनेच धाकट्याशी तिचं लग्न जुळवलं. आपण घरात भावजय आणली नसून लॅबमधलं एक भांडण नेऊन ठेवलंय, हे तिला पुढे कळलं. एरवी दोघींचं बरं चाले. भिंगरी तिला ताईच म्हणायची. 'वन्सं' म्हणाली की समजायचं, पाणी डोक्यावरून गेलं.

"काय पटत नाही?"

"त्याचा गुडघा तव्यासारखा तापलाय. रात्रभर कण्हत होता. आणि आपण म्हणतो काही नाही?"

"ताप कशानेही येतो. सूज कशानेही येते. मशीनला दिसलं नाही म्हणजे नाही."

"वन्सं, आज संध्याकाळी डॉक्टर गुडघ्यात स्टेरॉइड देणार आहेत."

ते ताईलाही ठाऊक होतं. शिडीवरून पडून धाकट्याचा पाय गुडघ्याजवळ मोडला होता, हाडाला धातूची पट्टी बसवली होती, आणि आता सगळं विसरायची वेळ आली तर गुडघा सुजला. त्यात जंतू नसतील तर स्टेरॉइडने सूज उतरणार. जंतू असतील तर त्याच इंजेक्शनाने शरीराचा पहारा उठणार आणि जंतूंना रान मोकळं. मग पाय गेला तरी स्वस्तात सुटलो म्हणायची पाळी. गुडघ्यातल्या पाण्यातले जंतू आधी बशीत वाढवून पाहिले होते, पण काही वाढलं नाही. वाढेल कसं? धाकट्या साहेबांनी घरातल्या डब्यात उरलेल्या जुन्या अँटिबायोटिकच्या गोळ्या कुणाला न सांगता गिळल्या होत्या. बहीण जंतूंच्या लॅबमध्ये, बायको जंतूंच्या लॅबमध्ये, आणि हा स्वतःच स्वतःचा डॉक्टर! म्हणून तर पीसीआर, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी, करावी लागली. तिला अर्धमेला जंतूही चालतो, मेलेलाही चालतो.

"तू हे बायको म्हणून बोलतेस की लॅबमधली म्हणून?" ताईने विचारलं.

भिंगरीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "आणि तुम्ही सही बहीण म्हणून केलीत का? काही निघू नये म्हणून?"

हे मात्र फार झालं. ताई उठली. "इकडे ये. तुझ्या डोळ्यांदेखत करून दाखवते."

जंतूला भिंत असते. ती फोडल्याशिवाय आतला डीएनए बाहेर येत नाही आणि तो बाहेर आला नाही तर मशीन आंधळं. भिंत फोडायला ह्या लॅबमध्ये लायसोझाइम नावाचं एन्झाइम वापरत. अंड्याच्या पांढऱ्यात असतं, डोळ्यांतल्या पाण्यात असतं, तेच. ते नीट चाललं की नाही हे कळावं म्हणून प्रत्येक नमुन्यासोबत ताई एक निरुपद्रवी पिवळा जंतू फोडून बघे. पिवळा फुटला म्हणजे पद्धत बरोबर, आणि पद्धत बरोबर म्हणजे रिपोर्ट खरा. इतकी वर्षं पिवळ्याने कधी दगा दिला नव्हता.

तिने पिवळ्याचं गढूळ पाणी एका नळीत घेतलं, त्यात एन्झाइमचा थेंब सोडला आणि नळी तळहातात धरली. मुठीच्या उबेने दोघींच्या देखत पाणी निवळत गेलं आणि पलीकडची तिची बोटं दिसू लागली.

"बघ! एन्झाइम जिवंत आहे, पद्धत ठणठणीत आहे. अगं, ह्या पिवळ्याला तर लायसोझाइमचा नुसता वास दिला तरी हा फुटतो."

बोलली आणि तिचा हात तसाच थांबला.

वास दिला तरी फुटतो. मग तो फुटला ह्यात सिद्ध काय झालं? शितावरून भाताची परीक्षा खरी, पण शीत त्याच पातेल्यातलं हवं. इथे शीत भलत्याच पातेल्यातलं, मऊसूत शिजलेलं, आणि त्याच्या भरवशावर ती वर्षानुवर्षं दुसरं पातेलं उतरवत होती.

"धातूवर चिकटून बसतो तो कोण?" तिने विचारलं. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

"स्टॅफ," भिंगरी म्हणाली. द्राक्षांच्या घडासारखा जमावाने राहणारा जंतू. मग तिच्याही डोक्यात प्रकाश पडला. "ताई... स्टॅफवर लायसोझाइम चालत नाही."

हे दोघींनी परीक्षेत लिहिलं होतं, मार्कही मिळवले होते. पण नमुन्यात स्टॅफ भरपूर असला की पुढच्या साबणाने आणि उष्णतेने त्यातले थोडे आपोआप फुटत, मशीनला तेवढे पुरत, रिपोर्ट बरोबर येई. म्हणून कुणाला कधी शंका आली नाही. गोळ्यांच्या माऱ्यातून उरलेले मूठभर असतील तर? ते गुपचूप दार लावून बसतात आणि मशीन म्हणतं, घरात कुणी नाही.

"उरलेला अर्धा नमुना काढते," म्हणत भिंगरी फ्रीजरकडे वळली.

"नाहीये."

"म्हणजे?"

नमुन्याचा अर्धा भाग जपून ठेवायचा, हा भिंतीवरचा पहिला नियम. आजवर तो कुणासाठी मोडला नव्हता. पण ह्या वेळी पाणी थोडंच निघालं होतं, आणि आपल्या धाकट्याची तपासणी कशी भरभक्कम व्हावी म्हणून ताईने सगळंच्या सगळं वापरून टाकलं होतं. आपला तो बाब्या! तिला स्वतःच्या मुस्काटात मारून घ्यावंसं वाटलं. गुडघ्यात पुन्हा सुई घालावी तर सकाळीच कोरडी सुई परत आलेली.

भिंगरी रडायला लागली.

"रडू नकोस," ताई म्हणाली. "डोळ्यांतल्या पाण्याला तो भीत नाही म्हणून तर ही वेळ आली. मला विचार करू दे. जंतू फुटले नाहीत ना? मग ते विरघळले नाहीत. मग ते गेले कुठे?"

भिंगरीने डोळे पुसले. नळी फिरवल्यावर डीएनए वरच्या पाण्यात राहतो. न फुटलेलं सगळं जड होऊन तळाशी बसतं. वरचं पाणी मशीनला देतात आणि तळाचा गाळ...

"कचऱ्यात!" दोघी एकदमच म्हणाल्या.

आणि कचऱ्याची पिशवी जागेवर नव्हती. दुपारचा कचरा तळघरात वाफेच्या टाकीत जातो, तिथे सगळ्याचा शिजून लगदा होतो.

ताई जिना उतरली नाही, कोसळलीच म्हणायची. तळघरात भोंगा टाकीचं जाड दार लावत होता. टाकीच्या घरघरीवर बोलायची सवय लागल्यामुळे तो घरीसुद्धा ओरडूनच बोलतो, त्यावरून हे नाव.

"थांबव! आमची पिशवी बाहेर काढ!"

"काय म्हणता? बांधलेली पिशवी परत द्यायची नाही, ताई! तुमचाच नियम! तो बघा, सही पण आहे!"

होती. लांब शेपटाची.

"भोंग्या, त्यात माझ्या भावाचा पाय आहे."

बिचाऱ्या भोंग्याच्या तोंडचं पाणी पळालं. "पाय? कापलेला?" तो जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात बोलला आणि त्याने दार उघडलं. पिशवी अजून गार होती. ताईने ती छातीशी धरली नाही एवढंच. दोन्ही हातांनी अंगापासून लांब धरून वर आणली. असल्या घाईतही नियमातला तेवढा भाग मात्र तिने पाळला.

काचेच्या कपाटात हातमोजे घालून पिशवी उघडली. नळ्यांच्या ढिगात धाकट्याच्या नंबरची नळी सापडली. टोपण घट्ट होतं. तळाशी करड्या रंगाचा एक ठिपका, मोहरीच्या टरफलाएवढा.

"मायक्रोस्कोपखाली बघू या?" भिंगरीने विचारलं.

"एवढ्याशातलं काचेवर घातलं तर मशीनला काय देऊ? आणि ह्या राड्यात दिसणार तरी काय? नाही. हा फोडायचाच."

फोडायचा तर दुसरं एन्झाइम हवं. लायसोस्टॅफिन. फक्त स्टॅफची भिंत कापणारं. फ्रीजरच्या तळाशी त्याची एक कुपी पडली होती. एक विक्रेता नमुना म्हणून देऊन गेला होता, 'ताई, एकदा वापरून तर बघा' म्हणत. 'आमचं सगळं बसलेलं आहे' म्हणून ताईने त्याची बोळवण केली होती. कुपी बर्फाच्या थराखालून खरवडून काढावी लागली. आतली पूड जिवंत होती की मेली, कोण सांगणार?

ताईने डॉक्टरांना फोन लावला. "इंजेक्शन थांबवा. रिपोर्टबद्दल मला शंका आहे."

"ताई, रिपोर्टवर तुमची सही आहे," डॉक्टर म्हणाले. "पेशंट वेदनेने तळमळतोय. शंकेवर मी किती थांबू? राऊंडला येईपर्यंत काहीतरी नक्की सांगा, नाहीतर मला द्यावं लागेल."

बोलणं चुकीचं नव्हतं. इतकी वर्षं तिनेच सगळ्यांना शिकवलं होतं की सही झाली की शंका संपली.

तिने कामं वाटून दिली. "कुपी घेऊन तू पलीकडच्या खोलीत जा. आपल्या साठ्यातला स्टॅफ घे आणि त्यावर हे चालतं का बघ. तो जंतू ह्या खोलीत आणायचा नाही. त्यातला एक जरी इकडे उडाला तरी मशीन हो म्हणेल, आणि ते हो खोटं असेल." पूड पाण्यात मिसळून तिने त्यातला अर्धा भाग आपल्याकडे ठेवला, अर्धा भिंगरीला दिला. मग ती करड्या ठिपक्याला धुवायला बसली. आधीच्या साबणाचा अंश राहिला असता तर नवं एन्झाइम कामाला लागायच्या आधीच गारद झालं असतं. पाणी घालायचं, हलकेच ढवळायचं, फिरवून गाळ बसवायचा, वरचं पाणी काढायचं. प्रत्येक वेळी ठिपका लहान झाल्यासारखा वाटे. एकदा तर दिसेनाच. नळी उजेडात कलती केल्यावर तो बाजूच्या भिंतीला चिकटलेला दिसला, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

दोन खोल्यांच्या मधल्या दाराला काच होती. भिंगरी पलीकडे गरम पाण्यात नळी धरून उभी होती. ताईने काचेवर टकटक केली. "काय?"

भिंगरीने नळी काचेला लावली. पाणी गढूळ होतं. दुधाचं भांडं विसळल्यासारखं.

"थांब अजून. उबेत ठेव. बर्फाजवळ नेऊ नकोस."

जीव टांगणीला लागणं म्हणजे काय ते त्या दोघींना विचारावं. एक काचेच्या अलीकडे, एक पलीकडे, आणि मध्ये एक माणूस. पुन्हा टकटक. पुन्हा नळी. तितकीच गढूळ. की थोडी कमी?

"निवळतंय," भिंगरी काचेपलीकडून म्हणाली.

"खरं सांग. तुला वाटतंय की दिसतंय?"

भिंगरीने नियमांचा एक कागद भिंतीवरून टरकावला, नळीच्या मागे धरला आणि दोन्ही काचेला लावले. नळीच्या पाण्यातून अक्षरं दिसत होती. आधी पुसट, मग सरळ वाचता येतील अशी. सहीचं शेपूटही दिसलं.

ताईने एन्झाइम ठिपक्यावर सोडलं आणि नळी उबेत ठेवली. शेजारी एक रिकामी नळी, तिच्यात नुसतंच एन्झाइम. कुपीतच घाण असेल तर ती रिकामी नळी चुगली करणार होती. ह्या वेळी पिवळ्याची साक्ष घ्यायची नव्हती.

पुढची सगळी कामं उरकून दोन्ही नळ्या मशीनमध्ये गेल्या तेव्हा बाहेर दिवे लागत होते. पडद्यावर दोन सपाट रेषा, डीएनए सापडला तरच वर चढणाऱ्या. जिन्यावरून एक नर्स ओरडत आली, "ताई, डॉक्टर राऊंडला निघाले. शेजारच्या वॉर्डात आहेत."

"फोन लावा त्यांना."

"फोन टेबलावर ठेवून गेलेत."

ताईने भिंगरीकडे पाहिलं. भिंगरीच्या अंगावर अजून ऍप्रन होता. "तो काढ," ताई म्हणाली. "वर जा. इंजेक्शनच्या संमतीवर नातेवाइकाची सही लागते. करू नकोस. डॉक्टर काहीही म्हणू देत, नवरा कितीही कळवळू दे, करू नकोस."

"काय सांगू त्यांना? रेषा तर सपाट आहे."

"काही सांगू नकोस. लॅबमधली म्हणून जाऊच नकोस. बायको म्हणून जा."

भिंगरीचे डोळे भरून आले, पण ती पळाली, नावाला जागली.

आता ताई एकटी. रेषा सपाट. मनात नाही नाही ते येऊ लागलं. जंतू नसतीलच तर? मग आपण त्या पोराला उगाच वेदनेत ठेवलं. जंतू असतील आणि धुताना वाहून गेले असतील तर? मग आपणच त्याला बुडवलं. लहानपणी हाच धाकटा दार आतून लावून बसायचा, कितीही हाका मारल्या तरी उघडायचा नाही, आणि ती बाहेर रडकुंडीला यायची. "उघड रे," ती पडद्याला म्हणाली, आणि कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून तिने मागे वळून पाहिलं.

वळून पुन्हा बघते तर एका रेषेने मान उचलली होती. इतकी थोडी की डोळ्यांना भास वाटावा. पुढच्या टप्प्याला थोडी अधिक. मग ती चढायला लागली ती थांबेना. रिकाम्या नळीची रेषा खाली तशीच आडवी. मशीनने नाव लिहिलं. स्टॅफ.

वॉर्डातल्या फोनवर भिंगरीनेच उत्तर दिलं. "त्यांच्याकडे दे," ताई म्हणाली.

"काय हो ताई," डॉक्टरांचा आवाज वैतागलेला होता. "तुमच्या भावजयबाई दारात आडव्या उभ्या आहेत."

"गुडघ्यात स्टॅफ आहे. स्टेरॉइड देऊ नका."

"आणि दुपारचा रिपोर्ट?"

"चुकीचा. माझा आहे. माझी पद्धत चुकली."

पलीकडे डॉक्टर कुणाला तरी म्हणाले, "ते इंजेक्शन परत ठेव. ऑपरेशनची खोली तयार करायला सांग, गुडघा उघडून धुवायचाय." आणि मागून धाकट्याचा थकलेला आवाज, "ताई, पास का नापास?" ताईला हसू आलं आणि रडूही आलं. तिने फोन ठेवला.

भिंगरी खाली आली ती तिच्या गळ्यातच पडली. "वाचला हो, ताई! मी मघाशी नको ते बोलले, मनावर घेऊ नका. चला ना वर, तुम्हाला बोलावतोय."

ताई हलली नाही. ती फ्रीजरचा खण उघडून बसली होती. आत नळ्यांच्या रांगा होत्या, नमुन्यांचे जपून ठेवलेले अर्धे भाग. नियम तिने एकट्या भावासाठी मोडला होता. बाकी सगळ्यांचे अर्धे इथे होते, नंबर टाकून, गोठून, आणि त्यातल्या कितीतरींच्या रिपोर्टवर पिवळ्याच्या साक्षीने लिहिलेलं होतं, जंतू आढळले नाहीत.

तिला गेल्याच आठवड्यातला बसचा ड्रायव्हर आठवला. बायकोच्या खुब्याच्या सांध्याचा रिपोर्ट न्यायला आला होता. 'काही नाही निघालं' म्हटल्यावर त्याने तिचा हात दोन्ही हातांत धरला होता आणि जाताना भोंग्यालासुद्धा सलाम ठोकला होता.

"अगं, त्या बसच्या ड्रायव्हरचा फोन नंबर काढ," ती म्हणाली.

बराच वेळ रिंग वाजली. मग गाड्यांच्या गोंगाटातून त्याचा आवाज आला.

"मी लॅबमधून बोलतेय, ताई. तुमची बायको कशी आहे?"

"अरे वा, ताई! तुम्ही स्वतः फोन केलात!" ड्रायव्हर खुशीत म्हणाला. "बरी आहे म्हणायची. इंजेक्शनने दोन दिवस फार बरं वाटलं. आता परत थोडी कणकण आहे, पाय टेकवत नाही. पण मी तिला म्हणतो, घाबरतेस कशाला? ताईंनी सांगितलंय ना काही नाही म्हणून."

ताईने डोळे मिटले.

"तिला घेऊन या," ती म्हणाली. "आत्ता. बस तिथेच सोडा आणि तिला घेऊन या."